मधले चार दिवस

लाईट गेली तेव्हा संघप्रियाचा हात फ्रीजच्या मुठीवर होता. डोक्यावरचा पंखा दोन-चार गिरक्या घेऊन थांबला, फ्रीज एकदा थरथरला आणि गप्प झाला. बैठकीतून तिची नणंद कमला ओरडली, "वहिनी, आता फ्रीज उघडू नोका हो! सगळा गारवा निघून जाते. केक आहे ना अंदर!" झालं, एवढंच वाक्य. चंद्रपुरात तुकूममधल्या फ्लॅटमध्ये, रविवारच्या सकाळी, पाहुण्यांच्या गलक्यात बोललेलं, पुढच्या मिनिटाला बोलणारीलाही आठवू नये असं. पण संघप्रियाचा हात मुठीवरून निघेना. बाहेर सासरे वामनराव नेहमीप्रमाणे वीज कंपनीचा उद्धार करत होते, "वीजकेंद्राच्या एवढाल्या चिमण्या धूर ओकून राह्यल्या उशाशी, अन् आमच्याच घरी अंधार! काय म्हणावं बापा!" आणि सगळे हसत होते. हसायचाच दिवस होता. घरच्या सुनेची बदली झाली होती. डोंगरपट्टीतल्या कोहकाटोल्याच्या आरोग्य केंद्रातून थेट मूल या तालुक्याच्या गावाला. इतकी वर्षं वाट बघून, अर्ज करून, साहेबांच्या केबिनबाहेर चपला झिजवून मिळालेली बदली. मूल म्हणजे तासाभराच्या वाटेवर. रोज संध्याकाळी घरी येता येईल, लेकीची, मयुरीची बारावी आहे, तिच्या पुढ्यात आईच्या हातचं ताट येईल. केक त्याचाच होता. आणि संघप्रियाला मात्र मुठीतून तळव्यात ऊब चढतेय असं वाटत होतं. नव्हती हो ऊब. फ्रीज आत्ताच तर बंद पडला होता.

ती ऊब कोहकाटोल्याची होती. मागच्या आठवड्यात वादळ झालं, साजाचं एक झाड तारांवर आडवं झालं आणि गावची लाईट गेली ती चार दिवस गेली. नाला भरून वाहत होता, त्यामुळे लाईनमन अलीकडे येईना. जनरेटरचं डिझेल दुसऱ्या दिवशीच संपलं. डॉक्टर साहेब गडचिरोलीला ट्रेनिंगला. केंद्रात ती, दुसरी एक नवखी सिस्टर आणि शिपाई मुखरू. संघप्रियानं तेव्हा जे करायचं ते केलं होतं. बर्फाच्या पेटीत पोरांच्या लसी आधी भरल्या. पेटी केवढीशी! पोरांच्या लसी भरल्यावर तिच्यात बोट शिरायला जागा उरली नाही. सापाच्या लसीच्या कुप्या राहिल्या फ्रीजमध्येच. त्या पातळ औषधाच्या होत्या, थंडीतच टिकणाऱ्या. पावडरवाल्या असत्या तर एवढी भीती नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी तिनं फ्रीज उघडला तर आतून दमट गरम हवा तोंडावर आली. तिनं एक कुपी उचलली. हाताला कोमट. आता गंमत बघा, पोरांच्या लसीच्या कुपीवर एक बारकासा चौकोन असतो. कुपी तापली की त्याचा रंग बदलतो, तो बरोबर चुगली करतो. सापाच्या कुपीवर तसलं काही नसतं. ती तापो की निवो, तोंडानं काही सांगत नाही. त्याच संध्याकाळी लाईट आली. सकाळपर्यंत कुप्या पुन्हा गार. काचेवर बारीक दव धरलेलं, आतलं औषध स्वच्छ, जणू काही झालंच नव्हतं. आणि त्याच सकाळी, रेंजसाठी टेकडीवर जाऊन आलेल्या मुखरूनं तिचा फोन तिच्या हातात दिला. त्यावर बदलीचा आदेश होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सरळ होतं. कुप्या बाजूला काढायच्या, जिल्ह्याला कळवायचं की औषध तापलं, नवं पाठवा. पण कळवलं की चौकशी. जनरेटरला डिझेल का नव्हतं, दुसरी पेटी का मागवली नाही, चार्ज कोणाकडे होता. चौकशी लागली की कोण सोडतं माणसाला? तिच्या ओळखीची एक सिस्टर अशाच एका चौकशीपायी दोन पावसाळे अडकून पडली होती. संघप्रियानं स्वतःला समजावलं, काही झालंही नसेल कुप्यांना. आपण फ्रीज उघडलाच नव्हता तीन दिवस, गारवा राहिला असेल बराच. मूलला रुजू झाल्याबरोबर फोन करून नवा साठा मागवू. चार दिवसांची सुट्टी काढून घरी जाऊन येऊ, मग चार्ज देऊ. आपण काय खोटं बोललो? कुणी विचारलंच नाही. स्वतःला समजावण्यात माणूस मोठा हुशार असतो, आणि संघप्रिया तर लोकांना समजावण्याचीच नोकरी करत होती. डॉक्टर साहेब परत आले, त्यांनी विचारलं, "सिस्टर, सगळं ठीक?" ती म्हणाली, "हो सर." आणि बसमध्ये बसली.

आता ती फ्रीज सोडून मागच्या गॅलरीत आली आणि तिनं मुखरूला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. कोहकाटोल्यात फोन लागायचा म्हणजे कुणीतरी टेकडीवर चढलेलं असायला हवं. पुन्हा लावला. पुन्हा तेच. आणि तिच्या छातीतून एक सुस्कारा निघाला. तिला स्वतःचीच शिसारी आली. फोन लागला नाही म्हणून तिला बरं वाटलं होतं! आपण प्रयत्न केला, लागला नाही, आता काय करणार, केक कापू या. "आई, कुठी आहेस? बाबा म्हणे टोपी घालायची तुले!" मयुरी आतून हाका मारत होती. चमकीची टोपी घेऊन ती दारात आली. "असं काय तोंड केलं? सासरी चालली काय परत?" पोरगी लाडात आली की अशीच बोलायची. संघप्रियानं टोपी डोक्यावर घातली. रबर हनुवटीखाली काचत होतं. ते सैल करताना तिला बुधूभाऊची आठवण आली, आणि ती नको असताना आली.

बुधूभाऊ कोहकाटोल्याचा पुजारी. ती नवी नवी तिथं गेली तेव्हा साप चावलेला माणूस आधी बुधूभाऊच्या अंगणात जायचा. तिथं त्याला कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचे. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. मग मंत्र, मग कोंबडं. केंद्रात माणूस यायचा तो डोळे मिटत आल्यावर. संघप्रिया तेव्हा भांडली नाही. भांडून कुणाचं कोण ऐकतं? ती बुधूभाऊच्या अंगणात जाऊन बसली, त्याच्या बायकोच्या हातची आंबील प्याली आणि म्हणाली, "बुधूभाऊ, मंत्र तुमचा, सुई माही. तुमी मंत्र म्हणाच, पण गाडीत बसून म्हणा. देवाले काय, गाडीतूनही ऐकू येते." म्हातारा खूप वेळ हसला होता. पण पटलं त्याला. तेव्हापासून कोहकाटोल्यात हीच रीत पडली. साप चावला की बुधूभाऊ रोग्याबरोबर गाडीत बसायचा, रस्ताभर पुटपुटायचा आणि केंद्राच्या दारात रोग्याचा हात संघप्रियाच्या हातात द्यायचा. कोलू नावाचा धिप्पाड गडी असाच वाचला, पाच-सहा माणसं वाचली. लोक म्हणू लागले, बाईच्या फ्रीजमंदी देव आहे. ती ऐकून लटकं रागवायची, पण तिला आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं. आता तिला कळत होतं की तिनंच त्या सगळ्या माणसांना बोटाला धरून त्या फ्रीजच्या दारापर्यंत आणून उभं केलं होतं. पुढे अहेरीच्या मोठ्या दवाखान्यात जा, असं त्यांना कुणी सांगितलं तरी ते आधी तिथंच थांबणार होते.

फोन वाजला. मुखरू होता. "बाई, मिसकॉल दिसला तुमचा. टेकडीवर आलो मी, गाडी कुठवर आली ते पाहाले. चंदाले डसलं ना! बुधूभाऊची पोरगी नाई का, तिले. धानाचे पऱ्हे खणून राह्यली होती, बांधीच्या धुऱ्यावर घोणस होती, हातालेच घेतलं तिनं. पण तुमी फिकर नोका करू, साहेबानं कुप्या काढून टेबलावर ठेवल्या. अन् या टायमाले बुधूभाऊ कुठी थांबला नाई, सरळ घेऊन येऊन राह्यला. जंगूच्या वेळी थांबला होता ना रस्त्यात, कोंबडं कापाले, म्हून तर गेला बिचारा." संघप्रियानं विचारलं, "कोन गेला?" "जंगू बाई. बुधूभाऊचा लहाना भाऊ. तुमी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. साहेबानं लय कोशिश केली, होत्या त्यातल्या अर्ध्या कुप्या देल्ल्या. नाई लागू पडल्या. साहेब म्हणे उशीर झाला. सुट्टीत तुमाले काऊन तरास द्यायचा म्हून फोन नाई केला मी."

गॅलरीच्या कठड्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातले होते. संघप्रिया त्यांच्याकडे बघत राहिली. जंगूचा चेहरा तिला आठवेना. आठवली ती त्याची शिट्टी. बाजाराच्या दिवशी केंद्रावरून जाताना तो शिट्टी वाजवायचा आणि खिडकीतून विचारायचा, "बाई, सुई देता काय?" सुईला भिणारा माणूस. ती म्हणाली, "मुखरूभाऊ, ऐका. त्या कुप्या चंदाले देऊ नका. त्या खराब आहेत. लाईट गेली होती तेव्हा तापल्या त्या. साहेबाले सांगा. सलाईन लावा, हात हलू देऊ नका, अन् गाडी तशीच अहेरीले काढा. थांबू नका. अहेरीले मी फोन करते." पलीकडे वारा ऐकू येत होता. मग मुखरू म्हणाला, "खराब आहेत." विचारलं नाही त्यानं, नुसतं म्हणाला. पुढे म्हणाला, "हाव बाई," आणि टेकडी उतरताना त्याच्या पायाखालचे दगड घसरल्याचा आवाज आला.

अहेरीला फोन करून, औषध आहे, खाट आहे अशी खात्री करून घेऊन ती आत आली. राजदीपला म्हणाली, गाडी काढा. तिचा नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता. बोलायला कमी, पण बायकोचा चेहरा वाचणारा माणूस. त्यानं भावाच्या गाडीची किल्ली घेतली. कमला म्हणाली, "अवं पण केक?" संघप्रिया म्हणाली, "कापा तुमी." मयुरीनं आईच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. बल्लारपूर मागे पडल्यावर संघप्रियानं राजदीपला सगळं सांगितलं. रडली नाही. राजदीपनं गोंडपिपरीपर्यंत गाडी तशीच पळवली. मग म्हणाला, "तू फोन केलास. पोरगी वाचन. तुझ्या हातात होतं ते केलंस तू. आता जंगूचं काय, डॉक्टरनंच सांगतलं ना उशीर झाला म्हणून? कुप्या चांगल्या असत्या तर वाचला असता, असं कोन सांगू शकते?" ती म्हणाली, "कोणीच नाही." "मंग? आजच कळलं म्हण. आज लाईट गेली अन् तुले सुचलं. खोटं थोडीच आहे? नोकरी जाईन संघप्रिया. बदली तर गेलीच समज." तो चांगला माणूस होता, म्हणून ते जास्त कठीण होतं. वाईट माणसानं असं सांगितलं असतं तर झिडकारता आलं असतं. आणि तिचं मनही आतल्या आत त्याच्याकडे झुकतच होतं. कोणीच सांगू शकत नाही. उशीर झालाच होता. बुधूभाऊ रस्त्यात थांबलाच होता. खिडकीबाहेर धानाचं रोवणं चाललेलं, बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या, आणि प्रत्येकीचा हात पाण्याखाली जायचा तिथं संघप्रियाची नजर जायची. आष्टीचा पूल आला, नदी तांबडी होऊन वाहत होती. आलापल्लीपर्यंत तिनं स्वतःला दहा वेळा निर्दोष सोडलं आणि दहा वेळा परत धरून आणलं.

अहेरीच्या दवाखान्यात चंदा खाटेवर होती. हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा पडलेला, पण डोळे उघडे. नव्या कुप्या सलाईनमधून चालू होत्या. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेवर आणलं. हाताचं बघू, पण जिवाचा धोका टळतोय असं वाटतं." संघप्रियानं चंदाच्या कपाळावर हात ठेवला. पोरगी क्षीण आवाजात म्हणाली, "बाई, तुमी आल्या? बाबा म्हणे, बाई नाई आता." खाली फरशीवर गावची माणसं बसली होती. ती उठून उभी राहिली. कोलूनं हात जोडले. "बाई, तुमी चंद्रपुरातून फोन केला म्हून पोरगी वाचली. तिकडं राहून तुमचा जीव इकडं, हे आमाले मालूम आहे." बाकीचे माना हलवत होते. मुखरू भिंतीला टेकून उभा होता, तो संघप्रियाकडे बघत नव्हता. ती त्याच्याजवळ गेली तेव्हा हळूच म्हणाला, "मी कोनाले काई सांगतलं नाई बाई. तुमचं तुमी पाहा." म्हणजे त्यानं कुप्यांशी जंगूचं मरण जोडून घेतलं होतं. अर्थात घेतलं होतं. ते जोडायला काय मोठी अक्कल लागत होती? आणि तरी तिला कोलूच्या जोडलेल्या हातांखाली क्षणभर बरं वाटलं होतं. कौतुकाची सवय अशी वाईट असते.

बुधूभाऊ बाहेर, गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. चार दिवसांत म्हातारा वाळून गेला होता. गळ्यातली माळ नव्हती. संघप्रिया त्याच्यासमोर खाली बसली. तो म्हणाला, "या टायमाले मी मंत्र म्हटला नाई बाई. तोंड नाई उघडलं. जंगूच्या वेळी थांबलो मी. तो म्हणे, दादा, देवाले कोंबडं दे, मले भेव लागून राह्यलं. लहाना भाऊ, काऊन नाई म्हणू? थांबलो. केवढासा वेळ लागला असन, पण थांबलो ना. डॉक्टर म्हणे उशीर झाला. जंगूची बायको मले चुलीजवळ यू देत नाई. म्हणते, तुमीच खाल्लं त्याले. गावानं दुसरा पुजारी पाहाले सुरुवात केली. करू दे. खरंच आहे ते. मीच खाल्लं." हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता, हिशेब मिटलेल्या माणसासारखा सांगत होता. संघप्रियाला वाटलं, आता गप्प बसलं तर सगळं जागच्या जागी राहील. पोरगी वाचली आहे. मूल तासाभरावर आहे. उशीर एका म्हाताऱ्याच्या अंगावर पडलाच आहे, आणि त्यानं तो घेतलाही आहे. फक्त उठून जायचं. फाटकापाशी राजदीप गाडीला टेकून उभा होता, आणि इतक्या लांबूनही तो नकारार्थी मान हलवतोय असं तिला दिसलं, किंवा वाटलं.

"बुधूभाऊ," ती म्हणाली, "जंगूले ज्या कुप्या देल्ल्या, त्याही खराबच होत्या." त्यानं मान वर केली. "तुमी थांबले नसते तरी त्या लागू पडल्या नसत्या, असंच असन. लाईट गेली तेव्हा तापल्या होत्या. मले मालूम होतं. आज नाई, तेव्हाच मालूम होतं. माही बदली अडकन म्हणून मी बोलली नाई." तिला वाटलं होतं तो ओरडेल, निदान हात उगारेल. तिनं त्याची तयारीही केली होती. बुधूभाऊनं काही केलं नाही. त्यानं जमिनीवरची एक काडी उचलली, मोडली, तिचे तुकडे बाजूला ठेवले. त्याचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मग त्यानं विचारलं, "म्हणजे मी नाई?" ती म्हणाली, "तुमी नाई भाऊ." म्हातारा रडायला लागला. मोठ्यानं, पोरासारखा, आणि रडताना त्याचा हात संघप्रियाच्या दंडावर येऊन पडला आणि आधार घेत तिथंच राहिला. हे तिला सहन होईना. त्यानं मारलं असतं तर बरं झालं असतं.

खूप वेळानं त्यानं तोंड पुसलं आणि हात काढून घेतला. आता त्याचा चेहरा वेगळा होता. "मले सांगून काय फायदा?" तो म्हणाला. "मी सांगतलं तर कोन मानन? म्हणतीन, म्हातारा सोताचं पाप बाईच्या नावावर टाकून राह्यला. तुमी चला. जंगूच्या बायकोच्या समोर सांगा. चुलीपाशी उभं राहून सांगा." संघप्रियानं विचारलं, "आज?" "मंग कवा? मूलले जाऊन आल्यावर?" ती उठली. चंदाजवळ कोलू थांबणार होता. मुखरूनं गाडी सुरू केली. संघप्रिया फाटकापर्यंत गेली. राजदीपनं विचारलं, "सांगतलंस?" तिनं मान हलवली. तो चिडला नाही, गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मयुरीले काय सांगू?" ती म्हणाली, "जे आहे ते सांगा. माझ्या तोंडून ऐकण्याआधी तुमच्या तोंडून ऐकू द्या." मग ती परत आली आणि मागच्या बाकावर बुधूभाऊच्या शेजारी बसली.

गाडी आलापल्लीहून आत वळली आणि दोन्ही बाजूंनी साग दाटून आला. पाऊस नव्हता, पण झाडं गळत होती. या रस्त्यावर बुधूभाऊ नेहमी पुटपुटत असायचा; आज तो गप्प होता, आणि त्या गप्प बसण्यात राग होता की थकवा, ते तिला विचारवेना. ती मनात वाक्यं जुळवत होती. वादळ आलं होतं, तुला ठाऊकच आहे. नाही, असं नको. जनरेटरचं डिझेल संपलं होतं. तिला काय करायचं आहे डिझेलशी? पेटी लहान होती, पोरांच्या लसी आधी ठेवाव्या लागल्या. खरं होतं, पण ते सांगताना आपण पोरांच्या आड लपतोय असं तिला वाटलं. डॉक्टर नव्हते. माझी मुलगी बारावीला आहे. इतकी वर्षं मी या गावात काढली. एकेक वाक्य ती उचलायची, जंगूच्या बायकोच्या तोंडाकडे बघून बोलून पाहायची, आणि सोडून द्यायची. बदलीचं सांगायलाच हवं होतं, ते तिनं ठेवलं. बाकी सगळं एकेक करून गळून गेलं. नाला आला, मुखरूनं गाडी हळूच पाण्यात घातली, पाणी चाकांना लागून फुगत वर आलं. पलीकडे गाव दिसायला लागलं, आणि एका घरावर धूर होता. बुधूभाऊ म्हणाला, "तेच." संघप्रियानं पदर नीट केला. तिच्याजवळ आता सुरुवातीला बोलायचं एकच वाक्य उरलं होतं, मला माहीत होतं, आणि त्याच्यापुढे ती बाई काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं होतं.